तिच्या नारळांचं पुढं काय झालं?

वकिली करता करता माझे केस पांढरे व्हायला लागले, तरी कुणी "तुम्ही नक्की काय करता?" असं विचारलं की मी अजून जरा अडखळते. मी जास्त करून अपिलं चालवते, आणि अपील म्हणजे काय हे सांगायला गेलं की समोरचा जांभई देतो. म्हणून मी स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. खालच्या कोर्टात कुणीतरी भाजी करतं. ती खारट झालीय, असं हरलेल्या माणसाला वाटतं. ती भाजी घेऊन तो आमच्याकडे येतो, आणि ती खरंच खारट आहे हे वरच्या साहेबांना, म्हणजे न्यायाधीशांना, पटवून देणं हे आमचं काम. त्यात नवीन बटाटा घालायची परवानगी नसते. साक्षीपुराव्यात जे आलंय तेवढ्यावरच भागवायचं.

आणि पटवायचं कसं? तर पूर्वी कधीतरी दुसऱ्या कुणाच्या घरी अशीच भाजी खारट झाली होती, तेव्हा उच्च न्यायालय काय म्हणालं होतं ते दाखवून. या जुन्या निकालांना आमच्या बार रूममध्ये सगळे सायटेशन म्हणतात. "सायटेशन आहे का काही?" हा प्रश्न आमच्यात "जेवलात का?" इतक्याच सहजपणे विचारला जातो. ज्याच्या बगलेत झेरॉक्सचा गठ्ठा जाड, त्याची चाल ऐटीची. गठ्ठ्यात काय आहे हे बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं.

मी हे सगळं शिकले ते नगरला, दिल्ली गेटच्या आतल्या एका बोळातल्या ऑफिसात. तिथले सर कधी आवाज चढवत नसत, पण टोचून बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांच्या कपाटात निकालांचे जाडजूड खंड होते आणि त्या खंडांची एक गंमत होती. छापील निकालाच्या डोक्यावर त्याचा चार-सहा ओळींचा सारांश असतो, त्याला हेडनोट म्हणतात. घाईतला वकील तेवढाच वाचतो आणि कोर्टात उभा राहतो. सरांनी कपाटातल्या झाडून सगळ्या हेडनोटांवर खळ लावून पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून टाकल्या होत्या.

"सर, हे काय केलंय?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"हेडनोट म्हणजे स्थळाचा फोटो," ते म्हणाले. "नुसता फोटो बघून कुणी मुलगी देतं का? घरी जाऊन बघायचं. पाणी कुठून भरतात, सासू कशी बोलते, जावा एकमेकींकडे बघतात तरी का. मग होकार."

पहिली काही वर्षं त्या पट्ट्यांचा मी मनापासून रागराग केला. माझ्याबरोबरचे वकील दुपारच्या चहाआधी ढीगभर सायटेशन काढून मोकळे व्हायचे आणि मी एकाच निकालाच्या पानांत घाम गाळत बसलेली असायचे. एकदा सर चहाला गेलेले बघून मी नखाने एक पट्टी उचकटायला गेले. खळ इतकी पक्की, की पट्टीबरोबर सारांशही निघून हातात आला. पुढे लॅपटॉप आले, निकाल शोधायचं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा मी विजयी मुद्रेने म्हटलं, "सर, आता इथे कशी पट्टी लावणार?"

"बोट ठेव स्क्रीनवर," सर म्हणाले.

अशा दिवसांत राहात्याच्या एक बाई ऑफिसात आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, उन्हाने रापलेल्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याने गुमान ऐकावं अशा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोघांनी मिळून लावलेली पेरूची बाग आता त्या आपल्या मुलाच्या मदतीने बघत होत्या. बसायच्या आधी त्यांनी पिशवीतून पेरू काढून माझ्या टेबलावर मांडले.

"वकीलबाई, जिमीन हाय, झाडं हायेत, फळबी लई हाय," त्या म्हणाल्या. "पर भायेर काढायला वाटच राह्यली न्हाई."

हकीकत साधी होती. सासऱ्यांची जमीन एकच. दोन भावांत वाटणी झाली तेव्हा डांबरी रस्त्याकडची बाजू दिराला गेली आणि मागची यांच्या नवऱ्याला. दिराच्या बांधावरून गाडीवाट होती. वाटणीच्या आधीही होती आणि नंतरही, त्यावरून कधी कुणाचं वाजलं नाही. मग दीर पुण्याला गेला आणि जमीन विकून टाकली. घेणाऱ्याने तारेचं कंपाउंड ठोकलं, वाटेवर गेट बसवलं आणि गेटला कुलूप घातलं. बाई कोर्टात गेल्या आणि हरल्या.

हरल्याचं कारण निकालात एका वाक्यात होतं. बागेच्या मागून चारी जाते, म्हणजे कालव्याचं पाणी शेताशेतांत नेणारा छोटा पाट. त्या चारीच्या मातीच्या भरावावरून चालत रस्त्यापर्यंत जाता येतं. म्हणजे दुसरी वाट आहे. दुसरी वाट आहे म्हणजे शेजाऱ्याच्या रानातून जायचा हक्क नाही.

"व्हय, भरावावरून मानूस जातं, शेरडू जातं," बाई म्हणाल्या. "टेम्पो जातो का? अन पाटाचं आवर्तन सुटलं, चारीला पानी आलं, की भराव असा लिबलिबीत व्हतो की पाय ठिवला तर निघत न्हाई. डोक्यावं क्रेट घिऊन जावं तर पेरू घसाघस घासत्यात. बाजारात नेल्यावं व्यापारी हातबी लावत न्हाई."

मग त्या म्हणाल्या, "पोरगं म्हनतंय, वाट न्हाई मिळाली तर पुढच्या बहराच्या आत बाग तोडू. त्याचंबी चूक न्हाई. पर ती झाडं आमी दोगांनी लावलीत."

मी तो निकाल वाचला आणि माझं डोकं फिरलं. ज्याने तो लिहिला त्याला एकदा डोक्यावर क्रेट देऊन चारीच्या भरावावरून चालवलं पाहिजे, असं मी सरांना मोठ्याने सांगितलं. सर म्हणाले, "हे अपिलात लिहिता येणार नाही. दुसरं काही शोध."

अडचण अशी होती, की कायदा बाईंच्या बाजूने अर्धाच होता. एका जमिनीचे दोन तुकडे झाले आणि मागच्या तुकड्याला दुसरी वाटच उरली नाही, तर पुढच्या तुकड्यातून जायचा हक्क मिळतो. पण हे 'दुसरी वाटच नाही' कोर्टं फार कडक धरतात. वाट लांबची आहे, अडचणीची आहे, असली रड चालत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये वाटणी, रस्ता, गरज असे शब्द टाकून शोधत सुटले आणि निकालांचा पूर लोटला. सगळे एकाच सुरात मला सांगत होते, की बाई, गैरसोय म्हणजे गरज नव्हे. दोन दिवसांत माझा चेहरा इतका लांब झाला, की सर खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

"काय शब्द टाकतेस?"

मी सांगितले.

"म्हणजे तू कायदा शोधतेस. कायदा सगळ्यांचा एकच असतो गं. भांडण शोध. या बाईचं भांडण कशाशी आहे?"

"शेजाऱ्याशी."

"शेजाऱ्याशी असतं तर त्या कधीच्या जिंकल्या असत्या. पाण्याशी आहे. पाणी शोध."

मी पाणी शोधलं. पाण्याने मला धरणं दिली, नळपट्टी दिली, बुडालेली जहाजं आणि त्यांचा विमा दिला. मी वैतागून पाणी आणि वाट, पाणी आणि चिखल, पाणी आणि बैलगाडी अशा जोड्या लावत गेले. आणि एका दुपारी, वाईट स्कॅन झालेला, अक्षरं फुटलेला, फार जुना असा एक निकाल समोर आला. मी सवयीने हेडनोटवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले.

कोकणातली एक बाई. खाडीच्या काठी तिची नारळ-सुपारीची वाडी. दिराशी वाटणी झाली आणि दिराने पुढून जायची वाट बंद केली. खालचं कोर्ट म्हणालं, ओहोटीला खाडीच्या कडेने जाता येतं की! आणि उच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की जी वाट भरतीला रोज पाण्याखाली जाते तिला दुसरी वाट म्हणता येणार नाही. नकाशावर आहे म्हणून ती वाट होत नाही. माल घेऊन जायची गरज पडेल तेव्हा जाता आलं पाहिजे.

मी खुर्चीतून उठून ऑफिसात एक फेरी मारली. मग धीर न धरवून राहात्याला फोन लावला.

"मावशी, सापडलं! तुमच्यासारखीच एक बाई सापडली."

"कुटं?"

"कोकणात. तिचीही वाट वाटणीनंतरच अडली होती. आणि तिच्याही दुसऱ्या वाटेवर पाणी यायचं."

बाईंनी विचारलं, "मंग तिला वाट मिळाली?"

"मिळाली ना. म्हणून तर फोन केला."

"अन तिच्या नारळांचं पुढं काय झालं?"

मी म्हटलं, "ते निकालात नसतं मावशी. हक्क आहे एवढं सांगितलं, की निकाल संपतो."

"असं कसं? येवडं मोठ्ठं कोर्ट, येवडं ल्हिलं, अन नारळ गेले का न्हाई तेवडं ल्हिलं न्हाई?"

त्या दिवसापासून बाई तिला 'आपली कोकनातली' म्हणायला लागल्या. फोन आला की आधी तारीख विचारायच्या, मग "आपल्या कोकनातलीचा कागद नीट ठिवलाय ना?" अशी चौकशी. मी सायटेशनकडे आजवर कधी माणूस म्हणून बघितलं नव्हतं. माझ्या दृष्टीने ती झेरॉक्स होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी सहज एक शेवटची नजर टाकावी म्हणून लॅपटॉप उघडला, तर समोर नवंच संकट. आपल्याच उच्च न्यायालयाचा निकाल, कोकणातल्या निकालापेक्षा बराच अलीकडचा. हेडनोटमध्येच स्वच्छ छापलेलं, की कालव्याच्या भरावावरून जायला वाट उपलब्ध असल्यास शेजाऱ्याच्या जमिनीतून हक्क नाही. बोट ठेवायचं राहून गेलं होतं.

मी सरांकडे गेले. "सर, समजा हे त्यांना सापडलंच नसेल तर?"

"तर तू दे. आपल्या विरुद्धचा निकाल आपल्याला माहीत असेल तर तो आपणच कोर्टापुढे ठेवायचा. तसा नियमच आहे."

"म्हणजे मीच माझ्या हाताने बाईंची बाग तोडू?" माझा आवाज चढला. शेजारच्या टायपिस्टने वळून बघितलं.

सरांनी कागद हातात घेतला, एक पान उलटलं, आणि परत माझ्याकडे सरकवला. "घरी जाऊन आलीस का, की फोटोवरच रडतेस?"

मी रागारागाने वाचायला बसले. आणि चौथ्या पानावर ते घर दिसलं. तिथला भराव म्हणजे मुरूम टाकून केलेला पक्का रस्ता होता. पाटबंधारे खात्याच्या जीपा त्यावरून जात, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर जात, बारा महिने. तिथल्या माणसाला फक्त जवळची वाट हवी होती. आमच्या चारीचा भराव आणि तो भराव यांचं नाव तेवढं एक होतं. मला सरांना मिठी मारावीशी वाटली, पण ते चष्मा पुसत म्हणाले, "झेरॉक्स तीन काढ. आणि तोंड धुऊन ये."

आमच्याकडे रीत अशी, की सायटेशन साहेबांना द्यायच्या आधी त्याची एक प्रत समोरच्या वकिलांना द्यायची. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही निकालांच्या प्रती शेजाऱ्याच्या वकिलांपुढे ठेवल्या. ते ज्येष्ठ, रुबाबदार गृहस्थ. दुसरी प्रत बघून ते प्रसन्न हसले आणि आपल्या बॅगेतून तेच सायटेशन काढून मला दाखवलं. म्हणजे सापडलेलं होतं! मी लपवलं असतं तर माझी काय शोभा झाली असती!

त्यांनी हेडनोट खणखणीत आवाजात वाचली. साहेबांनी विचारलं, "त्या भरावावरून कुठली वाहनं जात होती?" ज्येष्ठ गृहस्थ पानं उलटायला लागले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, चौथं पान." मग आमच्या साक्षीपुराव्यातलं शेजाऱ्याचंच वाक्य दाखवलं. उलटतपासात तो कबूल होऊन बसला होता, की चारीला पाणी असताना भरावावरून गाडी जात नाही. खालच्या कोर्टाने ते वाक्य ओलांडून पुढे पाऊल टाकलं होतं. साहेबांनी पेन्सिलने खूण केली. त्यानंतर मी आमच्या कोकणातलीला पुढे केलं आणि ती खाडीच्या कडेने येऊन आमच्यासाठी बोलली.

बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. इंग्रजीतलं अक्षरही त्यांना कळलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आपल्या कोकनातलीचं नाव घेतलं का?"

"घेतलं."

त्यांनी पिशवी पुढे केली. आत निवडून घेतलेले पेरू होते. "हे तिला धाडायचे."

"मावशी, तो निकाल किती जुना आहे. ती आता नसेल हो."

"मंग तिच्या सुनंला."

तिचा पत्ता आपल्याकडे नाही, हे त्यांना पटवणं साहेबांना पटवण्यापेक्षा अवघड गेलं. शेवटी ते पेरू आम्ही ऑफिसात मीठ-तिखट लावून खाल्ले. सरांनी दोन खाल्ले. मला मात्र प्रत्येक फोडीला वाटत होतं, की आपण दुसऱ्या कुणाच्या ताटातलं खातोय.

आम्ही जिंकलो. गेटचं कुलूप निघालं आणि बागेतून पहिला टेम्पो बाहेर पडला तेव्हा बाईंनी टेम्पोतूनच मला फोन केला. आवाजापेक्षा इंजिनाचीच घरघर जास्त ऐकू येत होती. शेजारी गप्प बसणारा नव्हता, तो वर उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेला. मी स्वतः संभाजीनगरला जाऊन उभी राहिले. तिथेही त्याचं अपील फेटाळलं गेलं आणि न्यायमूर्तींनी त्याची कारणं सविस्तर लिहिली. काही महिन्यांनी तो निकाल खंडात छापून आला. वर बारीक अक्षरांत वकील म्हणून माझं नाव होतं.

मी तो खंड सरांपुढे नेऊन ठेवला. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश वाचला. ड्रॉवर उघडला, पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, खळ लावली, आणि माझ्या निकालाच्या हेडनोटवर चिकटवून वरून तळहात फिरवला. मी तोंड फिरवून खिडकीतून बोळ बघत राहिले. माझ्या उभ्या वकिलीत मला तितका आनंद दुसऱ्या कशाने झालेला नाही.

बाईंना सांगितलं तर त्या विचारात पडल्या. "म्हंजी आता कुनाची वाट अडली, तर तितं आपला कागद दाखवत्याल?"

"दाखवतील."

"मंग त्यांना तेवडं सांगा, की माझे पेरू चांगले गेले म्हनून. न्हाईतर बसत्याल बिचारे इचारत."

मी हसून बरं म्हटलं आणि विसरून गेले.

मधे बरीच वर्षं गेली. सर निवृत्त झाले आणि पट्ट्यांसकट खंड माझ्याकडे आले. मग एक दिवस शिंगणापूरच्या रस्त्यावरचे एक दुकानदार माझ्याकडे आले. पूजेच्या सामानाचं दुकान, मागे मोठी जागा. तिथे भाविकांच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं म्हणून त्यांनी जागेला भिंत घातली होती. त्या जागेच्या मागच्या रानात एक चाचा ऊस करत होते. दुकानदारांनी आणि चाचांनी आपापले तुकडे एकाच मालकाकडून विकत घेतलेले. भिंतीमुळे चाचांची वाट बंद झाली. दुसरी वाट ओढ्यातून. खालच्या कोर्टात दुकानदार जिंकले होते आणि चाचांनी अपील केलं होतं. देवाच्या भरवशावर घरांना दारं न लावणाऱ्या गावाच्या वाटेवर हा माणूस वाटेलाच भिंत घालून बसला होता. पण पक्षकाराला असं बोलून चालत नाही.

"तुमच्या विरुद्ध जाणारा एक निकाल आहे," मी त्यांना सांगितलं, "आणि तो मीच मिळवलेला आहे."

"मग तर झकास!" ते म्हणाले. "त्यातून निसटायचं कसं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

खरं सांगायचं तर आपल्याच निकालाशी कुस्ती खेळून बघायची मला खुमखुमीही होती. मी वकीलपत्र घेतलं.

सुनावणीच्या दिवशी चाचांचे वकील माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. माझ्यापेक्षा बरेच लहान, नम्र. आपल्या विरुद्धचा निकाल आपणच द्यायचा, हा सरांचा नियम माझ्या अंगात मुरलेला. मी झेरॉक्स उचलून त्यांच्यापुढे धरली. त्याच क्षणी त्यांनीही एक झेरॉक्स माझ्यापुढे धरली. दोन्ही एकाच निकालाच्या होत्या.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "वर नाव तुमचंच आहे."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

मी जोर लावला नाही असं कुणी म्हणू नये. तिथे चारी होती, इथे ओढा आहे. तिथे वाटणी होती, इथे खरेदी आहे. मी सगळे डाव टाकले. साहेबांनी प्रतीवरचं नाव वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ओढ्याला पाणी येत नाही का?"

"येतं, साहेब."

"पाणी आल्यावर उसाचा ट्रॅक्टर जातो?"

साक्षीपुराव्यात काय होतं ते मला पाठ होतं. "नाही, साहेब."

निकाल विरुद्ध गेला आणि दुकानदार तडक निघून गेले. मला हरायला बिलकूल आवडत नाही. हरल्यावर मी घरी भांडी आपटते हे माझ्या घरचे सांगतील. पण त्या दिवशी पायऱ्या उतरताना मला कुणालातरी ही बातमी सांगायची होती, आणि ते कोण हे लगेच कळलं. मी राहात्याला फोन लावला.

"मावशी, आज तुमचा निकाल एकाने कोर्टात दाखवला."

"व्हय? कुनी?"

"एक चाचा आहेत. ऊस आहे त्यांचा. एका दुकानदाराने वाट अडवली होती."

"मंग?"

"चाचा जिंकले. समोरून मी होते."

"म्हंजी तुमी हारल्या?"

"हरले."

"लई बरं झालं," बाई म्हणाल्या. आणि लगेच, "पर त्यांच्या उसाचं काय? ग्येला का फॅक्टरीला?"

ते मला माहीत नव्हतं. या वेळी मात्र विचारता येण्यासारखं होतं.

त्याच आठवड्यात बाईंचा मुलगा नगरच्या मार्केटला माल घेऊन आला आणि माझ्या ऑफिसात एक क्रेट ठेवून गेला. क्रेट चाचांना पोचवायचा, असा हुकूम होता. हरलेल्या वकिलाने जिंकलेल्या पक्षकाराच्या घरी फळं घेऊन जावं, हे आमच्या बार रूममध्ये कळलं असतं तर माझी महिनाभर टर उडाली असती. मी आधी चाचांच्या वकिलांना फोन करून विचारलं. ते इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाले, "चला, मीच घेऊन जातो तुम्हाला."

चाचा रानातच होते. भिंतीचा वाटेवरचा भाग पाडलेला होता आणि मातीत ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे वळ उमटले होते. विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं. ऊस जायला लागला होता. मी क्रेट त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा ते क्रेटकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. कोर्टात मी त्यांच्या विरुद्ध कशी बोलत होते हे ते विसरले नव्हते.

"बाईसाब, तुमी दिले हे?"

"मी नाही. तुमच्या वकिलांनी कोर्टात जो निकाल दाखवला ना, त्या निकालातल्या बाईंनी."

चाचांनी एक पेरू उचलला, हातात फिरवून बघितला. कुठे घासलेला नव्हता.

"अन त्यांची वाट?" त्यांनी विचारलं. "चालू हाय ना अजून?"

"चालू आहे," मी म्हटलं. "त्याच वाटेने आलेत हे पेरू."